डांबरगोळी आणि रक्ताचा थेंब

दिवाळीच्या साफसफाईत कपाट उघडले की डांबरगोळ्यांचा वास येतो. गेली काही वर्षे त्या वासाने मला बर्लिन आठवते.

हार्टमुट कालमान हे तिथले भौतिकशास्त्रज्ञ. ज्यू वंशाचे म्हणून १९३३ साली त्यांची संशोधनसंस्थेतली जागा गेली. पत्नी ज्यू नसल्यामुळे ते युद्धातून वाचले. १९४७च्या सुमारास, उद्ध्वस्त बर्लिनमध्ये, डांबरगोळ्यांतले नॅप्थॅलिन घेऊन त्यांनी दाखवले, की किरणोत्सर्गी कण त्यातून गेला की सूक्ष्म चमक उठते आणि प्रकाशगुणक नळीने ती मोजता येते. १९५० साली अमेरिकेत त्यांनी, आणि स्वतंत्रपणे रेनॉल्ड्स व सहकाऱ्यांनी, अशी चमक सेंद्रिय द्रावणांतही मिळवली.

जीवशास्त्रज्ञांना हेच हवे होते. औषध शरीरात कुठे जाते हे पाहायला त्याला ट्रिटियमची खूण लावतात. पण ट्रिटियमचा इलेक्ट्रॉन पाण्यात जेमतेम ६ मायक्रॉन जातो. गायगर नळीची अभ्रकाची पातळ खिडकीही तो ओलांडत नाही. तेव्हा नमुनाच चमकणाऱ्या द्रवात मिसळायचा.

इतिहास सांगणारे बहुधा यंत्रापाशी थांबतात. माझ्या मते खरी झुंज नमुना तयार करण्यात होती. शरीर ओले, आणि द्रावणातले टोल्युइन पाण्यात मिसळत नाही. १९६० साली ब्रे यांनी पाणी सामावून घेणारे डायऑक्सेनचे मिश्रण सुचवले. त्यात लिटरला ६० ग्रॅम नॅप्थॅलिन होते. डांबरगोळी परत आली! मांसल ऊती तीव्र सेंद्रिय अल्कलीत, उबेला ठेवून विरघळवत. रक्त मात्र हट्टी. त्याचा लाल रंग निळी चमक गिळतो, म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइडने तो उडवायचा. पेरॉक्साइड उरले तर अल्कलीच्या संगतीत नमुना आपणच उजळतो. मग बाटल्या अंधारात ठेवून हा खोटा उजेड विझण्याची वाट पाहायची.

इथे चुकले तर? आकडा कमी आला की औषध तिथे पोचलेच नाही, असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात औषध असते. रक्ताने उजेड गिळलेला असतो. यावर जुना उपाय असा: त्याच बाटलीत माहीत असलेली मात्रा घालून पुन्हा मोजायचे. समजा, मिनिटाला १०,००० विघटने होतील एवढी मात्रा घातली आणि मोजणी २,५००नेच वाढली. म्हणजे चारांतले एकच विघटन यंत्राला दिसते आहे. मग आधीचा ५००चा आकडा खरा २,०००चा.

‘दप्तरात नोंद नाही, अर्थात तसे घडले नाही,’ असे मीही पूर्वी बेधडक लिहून गेलो आहे. आता आधी एक यादी करतो: त्या गावात घडल्याचे इतर कागदांवरून पक्के ठाऊक असलेल्या घटनांची. त्यांतल्या किती या दप्तरात उतरल्या आहेत, ते मोजतो. निष्कर्ष त्यानंतर.