हसवणाऱ्या चित्रपटांची कुळकथा

वाचकहो, विनोदी चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या माणसाला विचारा, "कुणाचा हो चित्रपट?" तो नटाचं नाव सांगेल. आजोबा असतील तर दामुअण्णा मालवणकरांचं, वडील असतील तर दादा कोंडक्यांचं, मुलगा असेल तर लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ यांचं. पण कुणी लिहिला, कुणी दिग्दर्शित केला, असं विचारलंत तर तो तुमच्याकडेच पाहत राहील. त्याचा तरी काय दोष? हसवणारा डोळ्यांसमोर असतो. हसू पेरणारे दोघे पडद्यामागे असतात. त्या दोघांची कुळकथा मला सांगायची आहे. ती सांगता सांगता एक प्रश्नही तुमच्यापुढे ठेवणार आहे. तो आमच्या अर्धापूर-नांदेडकडच्या माणसांच्या जिव्हाळ्याचा आहे.

आपल्याकडे चित्रपट आला तो हसू बरोबर घेऊनच. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला आणि १९१४ मध्ये 'पिठाचे पंजे' ही छोटी विनोदी फिल्म लोकांपुढे आणली. तो मूकपटांचा काळ. पडद्यावरच्या माणसाला वाचा नव्हती, तेव्हा सगळं हसू कृतीतून यायचं. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' बोलू लागला. मराठी बोलपटाला शब्द मिळाले, आणि शब्दांबरोबर लेखकाचं महत्त्व वाढलं.

या नव्या जमान्यातली पहिली नामांकित विनोदी जोडी म्हणजे आचार्य अत्रे आणि मास्टर विनायक. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने १९३८ मध्ये 'ब्रह्मचारी' काढला. लेखन अत्र्यांचं, दिग्दर्शन विनायकांचं, आणि नायकही विनायकच. त्यातला औदुंबर ब्रह्मचर्यावरचं एक जोरदार व्याख्यान ऐकतो, घरातली नट्यांची चित्रं फेकून देतो आणि आश्रमाची वाट धरतो. पुढे किशोरी येते आणि व्रताची परीक्षा सुरू होते. आता गंमत पाहा. औदुंबर स्वतः विनोद करीत नाही. तो अगदी मनापासून ब्रह्मचारी राहायला निघालेला आहे. तो जितका गंभीर, तितके आपण हसतो. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, याच जोडीचा 'ब्रँडीची बाटली' आला. मुंबईत दारूबंदी आली तेच हे साल. एका भाबड्या कारकुनाला औषधासाठी ब्रँडी हवी आहे, आणि ती कुठं मिळते, कशी असते, याचा त्याला पत्ता नाही. एवढ्याशा धाग्यावर अख्खा बोलपट उभा आहे.

या दोन उदाहरणांत विनोदी लेखनाचं मर्म सापडतं. विनोदी कथेच्या बुडाशी एखादी खरी अडचण लागते. ज्याच्यावर ती आली, त्याला ती मुळीच हसण्यासारखी वाटत नाही. चार्ली चॅप्लिनने 'द गोल्ड रश' या १९२५ च्या चित्रपटात बूट शिजवून खाल्ला. ते दृश्य पाहून जग हसलं. पण त्या हसण्याखाली भूक होती. भूक काढून घ्या, मागे नुसता बूट उरतो.

मग दिग्दर्शकाचं काम काय? तुम्ही म्हणाल, लेखकाने लिहिलं, नटाने म्हटलं, संपलं! तसं नाही. नाटकात हशा पिकला की नट क्षणभर थांबतो, हशा ओसरू देतो आणि मग पुढचं वाक्य टाकतो. चित्रपटातल्या नटाला ही सोय नाही. त्याचं बोलणं पट्टीवर कायमचं बांधलेलं असतं. अर्धापूरच्या प्रेक्षकांना जास्त हसू आलं म्हणून तो काही थांबायचा नाही. म्हणून हशाला लागणारी जागा दिग्दर्शकाला आधीच मोजून ठेवावी लागते. एक जण बोलला की कॅमेरा दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे वळतो. तो चेहरा नुसता पाहत राहतो, आणि तेवढ्या वेळात आपण हसून घेतो. ही जागा कमी पडली तर पुढचं वाक्य हशात बुडतं; जास्त झाली तर हसू थिजतं. लेखक अडचण शोधतो, दिग्दर्शक तिचं गांभीर्य आणि तिची लय सांभाळतो.

पुढची जोडी ग. दि. माडगूळकर आणि राजा परांजपे यांची. १९५२ मध्ये त्यांचे 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' हे दोन्ही चित्रपट आले. 'लाखाची गोष्ट'मध्ये ठरल्या मुदतीत एक लाख रुपये खर्च करून दाखवायचे, अशी अट आहे. ज्या काळात मध्यमवर्गीय घरात पै-पैचा हिशेब चाले, त्या काळात पैसा संपत नाही ही अडचण! १९५३ मध्ये पु. ल. देशपांड्यांनी 'गुळाचा गणपती'त कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका असं सगळं एकट्याने पेललं. पुढे ते आकाशवाणीत आले आणि त्यांचा विनोद नभोवाणीवरून घरोघर पोचला. सगळी कामं एका हातात ठेवून यश मिळवणारे असे थोडेच. बहुधा इथं दोन डोकी लागतात.

आता एका लेखकाचं नाव मुद्दाम सांगतो. वसंत सबनीस. त्यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने दादा कोंडके घरोघरी पोचले. त्यांच्याच लेखणीतून १९७१ चा 'सोंगाड्या' उतरला. दिग्दर्शक गोविंद कुलकर्णी, निर्माते आणि नायक दादा. आईच्या धाकात वाढलेला भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो, आणि घर एकीकडे, फड दुसरीकडे अशी त्याची ओढाताण होते. आता सतरा वर्षं पुढे या. १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी'. दिग्दर्शक सचिन पिळगावकर, लेखक पुन्हा सबनीसच! मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'मधली. पण सबनीसांनी ती पुण्यात अशी रुजवली की परकी वाटतच नाही. पुण्यात खोली मिळत नाही म्हणून दोघा मित्रांना लुगडी नेसावी लागतात. ते पुरुष आहेत हे आपल्याला ठाऊक, घरमालकिणीला नाही. या एका गुपितावर प्रेक्षक शेवटपर्यंत खुर्चीत बसतो. खेड्यातला नाम्या आणि शहरातले हे बिऱ्हाडकरू एकाच लेखणीचे, हे किती जणांना माहीत असेल?

आता माझा प्रश्न. आमचा मराठवाडा या कुळकथेत कुठं आहे?

याचं उत्तर इतिहासात थोडं सापडतं. मराठी चित्रपटाचे कारखाने कोल्हापूर, पुणे, मुंबईत उभे राहिले. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यात होता. साहजिकच पडद्यावरचा खेडूत बोलू लागला तो बहुधा कोल्हापूर-साताऱ्याकडचं. "काय करू लालास?" किंवा "कामून रे?" असं म्हणणारा माणूस पडद्यावर फार उशिरा आला. आमच्या बोलीला मान मिळाला तो आधी रंगमंचावर. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने बावन्न पात्रं उभी केली आणि मराठवाड्याची बोली जगभर हिंडवली. मग मकरंद अनासपुऱ्यांनी ती चित्रपटात आणली.

पण इथं एक धोका आहे. बोली हाच विनोद झाला तर फसगत होते. नायक शुद्ध बोलतो, गडी गावरान बोलतो आणि त्याने तोंड उघडताच लोक हसतात, हा विनोद नव्हे, ही हेटाळणी. याउलट २००८ चा 'वळू' पाहा. गिरीश आणि उमेश कुलकर्णी यांनी तो मिळून लिहिला, उमेश यांनी दिग्दर्शित केला. गावात मोकाट सुटलेला एक वळू आणि त्याला पकडायला आलेला वनाधिकारी, एवढीच गोष्ट. त्यात गावकऱ्यांचे हेवेदावे आहेत, बडेजाव आहे. पण ते कसे बोलतात याला आपण हसत नाही. ते कसे वागतात याला हसतो, आणि त्यात आपलंच गाव दिसतं.

तेव्हा आमच्या तरुण लेखकांना एवढंच सांगणं आहे. अडचणी शोधायला मुंबईला जायची गरज नाही. अर्धापूरच्या केळीच्या मळ्यात चला. सकाळी फोनवर एक भाव ठरतो, आणि घड तोडून झाल्यावर दुसराच निघतो. पिकलेलं केळं काही थांबत नाही. मालक गाडीपुढे उभा, व्यापारी घड्याळ पाहतो, आणि त्याच दिवशी घरी सोयरिकीला पाहुणे यायचे आहेत. त्या मालकाला हसू येणार नाही. म्हणूनच तिथं विनोदी चित्रपट आहे. तो त्याच्याच बोलीत लिहा, मात्र बोलीला हसवायला उभी करू नका. आणि असा चित्रपट पाहून बाहेर पडाल तेव्हा, वाचकहो, नटाबरोबर आणखी दोन नावं घ्यायला विसरू नका.