डिझेल इंजिनातील अदृश्य तेलगळती : निदानपद्धतीचा इतिहास

तेलगळतीची ओळख जमिनीवरील डागावरून पटते, ही सर्वसाधारण समजूत. १९९४ पासून अमेरिकेतील फोर्डच्या ट्रकमध्ये बसविलेल्या नेव्हिस्टारच्या ७.३ लिटर डिझेल इंजिनाने तिला छेद दिला. त्यातील इंजेक्टर उच्चदाबाच्या इंजिन ऑइलवर चालत. इंजिन सुरू होण्यास प्रति चौरस इंच सुमारे ५०० पौंड दाब लागे; परंतु आत गळलेले तेल चेंबरमध्येच परत जाई, बाहेर खूण उरत नसे. २००३ मध्ये आलेल्या ६.० लिटर इंजिनात तर थंड असता चालणारे इंजिन तापल्यावर, तेल पातळ होऊन गळती वाढल्याने, पुन्हा सुरूच होत नसे. म्हणून कारागीर दाबाचे आकडे तपासून, तेलमार्गात कॉम्प्रेसरची हवा सोडून तिची फुसफुस ऐकत. सारांश, निदान डोळ्यांकडून कानांकडे वळले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात अभियंत्यांच्या रचनेइतकीच कारागिरांच्या या श्रवणकौशल्याचीही नोंद होणे आवश्यक आहे.