लोकनृत्य ओळखायचं कसं? लेझीम, गजा आणि झिम्मा

आजचा विषय आहे लोकनृत्य आणि त्याचे प्रकार. आपलं जयसिंगपूर छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली आखून वसवलं आणि त्याला आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांचं नाव दिलं. गाव तसं नवं. त्यामुळे नाचांची मुळं शोधायची तर आसपासच्या जुन्या गावांतच जावं लागतं.

नाच ओळखायला तीन प्रश्न विचारायचे. हातात काय आहे? ताल कोण धरतंय? माणसं उभी कशी राहतात?

आधी लेझीम घेऊ. शब्द मूळचा फारसी. धनुर्विद्येच्या सरावासाठी दोरीऐवजी साखळी लावलेलं धनुष्य, ते हे. आपल्याकडे ते तालमीत रुळलं, व्यायामाचं साधन झालं. म्हणून शाळेतल्या लेझमीत रांगा असतात, मोजणी असते आणि 'चौ आवाज', 'आगे फलांग' असे आखाडी हिंदुस्थानीतले हुकूम असतात. हीच लेझीम मिरवणुकीत हलगी-घुमकं-कैताळावर आली, की हुकूम मागं पडतो. हलगीवाल्यानं चाल बदलली की पाय बदलतात. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनाला सांगली जिल्ह्यातल्या पथकानं लेझीम खेळून दाखवली, तेव्हा तालमीतला हा व्यायाम देशानं नृत्य म्हणून पाहिला.

दुसरा प्रकार धनगरी गजा. हातात रुमाल, मध्ये ढोल, भोवती पुरुषांचं रिंगण. हा नाच बिरोबाच्या सेवेचा. हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत तो भंडाऱ्याच्या उधळणीत चालतो.

तिसरा प्रकार बायकांचा, झिम्मा-फुगडी. नागपंचमीला आणि गौरीच्या जागरणाला फेर धरतात. वाद्य लागत नाही. टाळी, पाय आणि गळा एवढ्यावर ताल चालतो. सासरचं गाऱ्हाणं मोठ्यानं म्हणायची सोय या गाण्यांत होती.

आता हे तिन्ही नाच स्नेहसंमेलनात आणि स्पर्धांत दिसतात. त्यामुळे ते टिकले, हे मान्यच. पण रिंगणाला पुढची बाजू नसते आणि रंगमंचाला असते. प्रेक्षकांना दिसावं म्हणून रिंगण उघडतं, त्याची रांग होते. नाचणारे ठरलेले, वेळही ठरलेली. रिंगणात मात्र लहान पोर थोरल्याशेजारी शिरायचं, चुकतमाकत शिकायचं. ती शिरायची जागाच रंगमंचावर उरत नाही. नाच शिकवणारी खरी शाळा तीच होती.

तेव्हा तीन प्रश्नांना चौथा जोडा: या नाचात नव्या माणसाला शिरता येतं का? यात्रेत, गौरीच्या रात्री, हा प्रश्न विचारून बघा.