गोठणरोधक द्रव्ये व नौका-एंजिने

थंड प्रदेशांत हिवाळाभर बंद ठेवावयाच्या एंजिनातील पाणी गोठून होणारी हानी टाळण्यासाठी जे द्रव्य वापरतात, त्यास गोठणरोधक म्हणतात. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सु. ९ टक्क्यांनी वाढते. बीड ठिसूळ असल्यामुळे हे प्रसरण सोसू शकत नाही आणि सिलिंडरांभोवतीच्या पोकळीत पाणी अडकून राहिल्यास एंजिनाच्या ठोकळ्याला तडा जातो.

गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८८६ मध्ये जर्मनीतील नेकार नदीवर पेट्रोल एंजिनाची नौका चालविली. पुढे अशा नौकांचा प्रसार झाला, तेव्हा भोवतालचेच पाणी पंपाने आत खेचून एंजिन थंड ठेवण्याची व तापलेले पाणी निष्कास नळीवाटे बाहेर सोडण्याची पद्धत रूढ झाली. मोटारगाडीतील शीतन-मंडल बंदिस्त असते. नौकेतील हे मंडल उघडे असते. गोठणरोधकांच्या इतिहासात हा भेद महत्त्वाचा ठरला.

पाणी काढून टाकणे हा सर्वांत जुना उपाय होय. परंतु पंपात व नळ्यांच्या बाकांत थोडे पाणी उरतेच. मोटारगाड्यांसाठी आरंभी कॅल्शियम क्लोराइडासारखी लवणे वापरून पाहण्यात आली. ती धातूंचे संक्षारण करतात. मिथिल अल्कोहॉल स्वस्त, परंतु ज्वालाग्राही व विषारी. शिवाय ते सु. ६५° से. तापमानास उकळत असल्याने तापलेल्या एंजिनातून उडून जाई. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल आडोल्फ व्ह्यूर्ट्‌स यांनी १८५६ मध्ये प्रथम तयार केलेल्या एथिलीन ग्लायकॉलाने ही अडचण दूर केली. त्याचा उकळबिंदू सु. १९७° से. असून पाण्याशी समप्रमाणात केलेले त्याचे मिश्रण सु. –३७° से. पर्यंत गोठत नाही. १९२५ मध्ये अमेरिकेतील साउथ चार्ल्सटन येथे त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि १९२७ मध्ये ते ‘प्रेस्टोन’ या नावाने बाजारात आले.

एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, परंतु घातक आहे. शरीरात त्यापासून ऑक्झॅलिक अम्ल तयार होऊन मूत्रपिंडे निकामी होतात, सु. १०० मिलि. मात्रा प्रौढ माणसास मारक ठरू शकते. बंदिस्त मंडलात त्याचा धोका मर्यादित राहतो. पण उघड्या मंडलात भरल्यास वसंत ऋतूत एंजिन सुरू होताच ते थेट सरोवरात जाते. म्हणून अशा मंडलासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉल पसंत केले जाते. हे संयुगही व्ह्यूर्ट्‌स यांनीच १८५९ मध्ये तयार केले होते. त्याची विषाक्तता इतकी अल्प आहे की, खाद्यपदार्थांतही त्याचा वापर होतो.

हिवाळी बंदोबस्त करताना प्रथम एंजिन तापवून त्यातील वंगण तेल बदलतात. नंतर पाणी आत घेणारी झडप बंद करून साठलेले पाणी काढून टाकतात आणि पंपाच्या नळीवाटे बादलीतील गोठणरोधक आत खेचू देतात. थर्मोस्टॅट उघडा नसल्यास द्रव ठोकळ्यात नीट पोहोचत नाही. निष्कासातून रंगीत द्रव बाहेर पडू लागला की एंजिन थांबवितात. आत राहिलेल्या पाण्याने द्रव विरल होत असल्यामुळे पाणी आधी काढणे आवश्यक असते. डब्यावर छापलेले नीचतम तापमान बहुधा नळी फुटण्यापासूनच्या संरक्षणाचे असते. द्रव त्याच्या बऱ्याच आधी रवाळ होऊ लागतो.

ऊष्मा-विनिमयक बसविलेल्या एंजिनात आतील बंदिस्त मंडलात एथिलीन ग्लायकॉल बारमाही राहू शकते. बाहेरील मंडलाचा बंदोबस्त मात्र दरवर्षी करावा लागतो. प्रॉपिलीन ग्लायकॉलही सर्वस्वी निरुपद्रवी नाही. त्याचे जैव विघटन होताना पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन खर्ची पडतो व बंदिस्त गोदीत त्याचा ताण जलचरांवर पडू शकतो. यास्तव वसंतात बाहेर पडणारा पहिला द्रव पाण्यात न सोडता भांड्यात गोळा करून त्याची निराळी विल्हेवाट लावणे इष्ट ठरते.