ऐतिहासिक हस्तकलांच्या पुनर्निर्मितीचे परीक्षण

ऐतिहासिक हस्तकलांच्या पुनर्निर्मितीचे परीक्षण म्हणजे गतकाळातील एखादे वस्त्र, हस्तलिखित, अलंकार, चित्र किंवा खाद्यपदार्थ आजच्या कारागिराने हाताने पुन्हा घडविल्यावर त्या कृतीचे मूळ वस्तूशी, मूळ साहित्याशी आणि मूळ कार्यपद्धतीशी असलेले इमान तपासणे होय. केवळ दिसणे जुळले म्हणजे पुनर्निर्मिती साधली, असे परीक्षक मानत नाहीत. बनावट प्राचीन वस्तू ओळखण्याच्या शास्त्राशी या परीक्षणाची गल्लत करू नये. बनावट वस्तूचा कर्ता आपली कृती जुनी म्हणून खपवितो. पुनर्निर्मितीचा कर्ता ती आजची आहे हे सांगूनच पुढे ठेवतो.

स्पर्धांचे स्वरूप

अशा परीक्षणाची सर्वांत पद्धतशीर परंपरा अमेरिकेतील सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम या हौशी संस्थेत आढळते. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका घराच्या परसात झालेल्या मध्ययुगीन थाटाच्या समारंभातून ही संस्था जन्मली. सतराव्या शतकापूर्वीचा काळ हा तिचा विषय असून भर मुख्यतः युरोपवर असतो. तिचे विभाग 'राज्ये' म्हणून ओळखले जातात आणि प्रत्येक राज्य 'कला व विज्ञान' या नावाने स्पर्धा भरविते. विज्ञानात पाककला, रंगाई व मद्यनिर्मितीही मोडते. या क्षेत्रातील सर्वोच्च सन्मान 'लॉरेल' या नावाने दिला जातो. गुणपत्रिका सर्वत्र एकसारखी नाही. मात्र लिखित टिपण, साहित्य व पद्धती, कामाची अवघडता, हातसफाई आणि एकूण परिणाम ही अंगे बहुतेक ठिकाणी या ना त्या नावाने येतात.

आधार आणि टिपण

स्पर्धक वस्तूबरोबर एक टिपण जोडतो. मूळ वस्तू कोणत्या काळातील व प्रदेशातील, ती कोणत्या साधनांवरून अभ्यासली, कोणते साहित्य वापरले, कोठे बदल केला आणि का, हे त्यात असते. हे टिपण केवळ उपचार नव्हे, हे इंग्लंडमधील एका प्रसिद्ध प्रतिकृतीवरून ध्यानात येते.

फ्रान्समधील बायो येथील अकराव्या शतकातील सुमारे ७० मीटर लांबीच्या पटावर १०६६ मधील नॉर्मन स्वारीची कथा आहे. टॅपेस्ट्री असे त्याचे नाव असले, तरी ते विणकाम नसून लिननवर लोकरीच्या धाग्याने केलेले भरतकाम आहे. १८८५-८६ मध्ये लीक गावातील एलिझाबेथ वॉर्डल आणि तिच्या मंडळातील स्त्रियांनी त्याची पूर्ण लांबीची प्रत भरली. लोकर रंगविण्याचे काम तिचे पती थॉमस वॉर्डल यांनी केले. हिंदुस्थानातील टसर रेशीम व वनस्पतिज रंग यांचा त्यांचा अभ्यास होता. काम चोख झाले. प्रत्येक तुकड्याखाली तो भरणारीचे नाव टाक्यांत घातले आहे. परंतु या स्त्रियांसमोर मूळ पट नव्हता, लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातील रंगविलेली छायाचित्रे होती. आणि त्यांत मूळच्या नग्न आकृतींना सभ्यतेखातर वस्त्रे चढविलेली होती. बायकांनी समोरचे चित्र इमानाने उतरविले आणि व्हिक्टोरियाकालीन संकोच अकराव्या शतकात जाऊन बसला. ही प्रत आज रेडिंगच्या संग्रहालयात आहे. हातसफाईला पूर्ण गुण द्यावेत आणि आधाराचे कापावेत, असे हे दुर्मीळ उदाहरण. दोष मात्र टाके घालणाऱ्यांचा नाही.

पाककृतींबाबत अडचण निराळी असते. चौदाव्या शतकाच्या अखेरीच्या 'द फॉर्म ऑफ क्युरी' या इंग्रजी पाकग्रंथात बहुतेक ठिकाणी प्रमाणेच दिलेली नाहीत. तेथे स्पर्धकाचे अनुमान तपासावे लागते, आणि त्याच मजकुरावरून दोघांनी केलेले दोन वेगळे पदार्थ दोन्ही ग्राह्य ठरू शकतात.

साहित्य व पद्धती

हस्तलिखिताची पाने तपासताना चर्मपत्र आहे की कागद, शाई मायफळ व हिराकस यांची आहे की दुकानातील, सोन्याचा वर्ख अस्तर देऊन अकीकाने घोटला आहे की सोनेरी रंग फासला आहे, हे पाहिले जाते. जुन्या चित्रकारांचा सफेदा शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा आणि हरताळ सोमलयुक्त असे. तिन्ही विषारी असल्याने त्यांऐवजी निर्धोक रंग वापरल्यास आणि तसे टिपणात लिहिल्यास सामान्यतः गुण कापले जात नाहीत. न सांगता बदल केला, तर कापले जातात.

महाराष्ट्रातील संदर्भ

पैठणीच्या परीक्षणात पदराची उलटी बाजू निर्णायक ठरते. हातमागावरील पारंपरिक पैठणीत प्रत्येक रंगाचा बाणा स्वतंत्र कांडीने त्या त्या नक्षीपुरताच फिरवून शेजारच्या बाण्यात अडकवितात. त्यामुळे मोर वा वेलबुट्टी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. जॅकार्डवर विणलेल्या नकलेत मागे धाग्यांच्या मोकळ्या उड्या लोंबतात किंवा कापलेली टोके दिसतात. सुईवाल्या आजीबाई साडी उलटी करून पाहतात, ते याचसाठी.

अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती हे अधिक गुंतागुंतीचे प्रकरण आहे. मूळ चित्रे मातीच्या वाळलेल्या गिलाव्यावर खनिज रंगांनी काढलेली आहेत. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी आणि १८७२ ते १८८५ या काळात मुंबई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी कॅनव्हासवर तैलरंगांत प्रती केल्या. साहित्याच्या निकषावर त्यांना पुनर्निर्मिती म्हणता येत नाही. नोंद म्हणून त्यांचे मोल मोठे, कारण मूळ गिलावा पुढे कित्येक ठिकाणी गळून पडला. दुर्दैवाने गिल यांच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत, तर ग्रिफिथ्स यांच्या अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनच्याच संग्रहालयातील आगीत नष्ट झाल्या. शिवाय प्रत नीट करता यावी म्हणून मूळ चित्रांवर वार्निश चढविले गेले. ते काळवंडल्याने १९२० नंतर निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञांकरवी ते काढून घेण्याचे काम केले. प्रत करताना मूळ वस्तूस इजा झाली काय, हा प्रश्न आजच्या गुणपत्रिकांत क्वचितच असतो. तो असायला हवा.

१९०९ ते १९११ या काळात नंदलाल बोस, असितकुमार हलदार आदींच्या साहाय्याने नव्या प्रती करणाऱ्या ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी त्यापूर्वी, १८९९ मध्ये, चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराच्या सुमारे १४०० च्या हस्तपुस्तिकेचे इंग्रजी भाषांतर केले होते. अंड्याच्या बलकात रंग कालविण्याची त्यातील रीत त्यांनी स्वतः करून पाहिली होती. वाचलेली कृती हाताने पडताळणे, हेच आजच्या स्पर्धांत स्पर्धकाकडून अपेक्षिले जाते.

दिवाळीतील मातीच्या किल्ल्यांच्या स्पर्धांतही हाच भेद दिसतो. प्रत्यक्ष गडाची प्रतिकृती आणि काल्पनिक किल्ला असे दोन गट अनेक ठिकाणी वेगळे ठेवतात. पहिल्या गटात राजगडाच्या तीन माच्या व बालेकिल्ला योग्य जागी नसतील, तर अळीव कितीही हिरवेगार उगवले तरी उपयोग नसतो.

मतभेद

टिपणाला मिळणाऱ्या वजनाविषयी सतत वाद होतो. लेखनात सराईत असलेला स्पर्धक मध्यम प्रतीच्या वस्तूवर पुढे जातो आणि वडिलोपार्जित कसब हातात असलेला, पण ग्रंथाधार लिहू न शकणारा, मागे पडतो, असा आक्षेप आहे. तो निराधार नाही. परीक्षेत सुवाच्य अक्षराला मिळणारे झुकते माप शिक्षकांना परिचित आहे. यावर उपाय म्हणून काही परीक्षक स्पर्धकाशी समोरासमोर बोलून तोंडी उत्तरे ग्राह्य धरतात. काही ठिकाणी गुण न देता केवळ अभिप्रायाची चिठ्ठी ठेवण्याची सोय असते. परीक्षक बहुधा त्याच कलेतील जाणकार व स्वयंसेवक असल्याने विणकराच्या हाती लोहारकाम तपासायला येण्याचे प्रसंगही घडतात. अशा वेळी साहित्याचा निर्णय त्या विषयातील दुसऱ्या व्यक्तीकडे सोपविणे उचित समजले जाते.