हळदीतले शिसे

कळमनुरी आणि शेजारचा वसमत हे हिंगोली जिल्ह्यातले हळदीचे तालुके. इथे काढलेली हळद शिजवतात, वाळवतात आणि ढोलात फिरवून पॉलिश करतात. तिचा पिवळेपणा कुरकुमिनचा असतो. पण फिका माल उजळ दिसावा म्हणून लेड क्रोमेट हा रंग चढवण्याची भेसळ भारतीय उपखंडात अनेक ठिकाणी सापडली आहे. या रंगात शिसे आणि क्रोमियम दोन्ही असतात.

जस्त आणि लोह शरीराला अल्प मात्रेत लागतात. शिसे कणभरही लागत नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते, आणि सर्वाधिक इजा होते ती वाढत्या मुलांच्या मेंदूला. भारतात हळदपुडीत किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंत शिसे चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मात्र रक्तातल्या शिशाची सुरक्षित पातळी अशी नाहीच.

ही भेसळ थांबवता येते. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले होते. जनजागृती, छापे आणि दंड यांनंतर २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आले. आपल्याकडेही बाजार समित्यांच्या आवारात अशी तपासणी नियमित व्हायला हवी, कारण नुसत्या डोळ्यांना हे शिसे ओळखता येत नाही. — संपादक