माथेरानची वाट आणि तिचे हमाल

आपल्या देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे आहेत. ती पाहावयास येणाऱ्यांची सोय व्हावी, असे आपणां सर्वांस वाटते. वाटणे रास्तच आहे. परंतु प्रवाशाची सोय म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी श्रम, हा हिशेब प्रवासवर्णनांत क्वचितच सापडतो. आम्ही हमाल-मजुरांच्या संघटनेत आयुष्य काढले, म्हणून आमची नजर प्रथम तिकडे जाते. त्या नजरेने आज माथेरानकडे पाहू.

1850 साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब चौक गावाकडून हा डोंगर चढले आणि माथेरानचा 'शोध' लागला, असे पुस्तके सांगतात. धनगर, ठाकर, कातकरी तेथे आधीपासूनच वावरत होते. त्यांना मात्र डोंगर हरवल्याचे ठाऊक नव्हते! पुढे गव्हर्नर एलफिन्स्टन यांनी तेथे बंगला बांधविला. मुंबईचे धनिक उन्हाळ्यात थंड हवा खावयास येऊ लागले. नेरळपर्यंत आगगाडी आली, तरी वरची वाट तट्टाच्या पाठीवरची नाही तर माणसाच्या खांद्यावरचीच राहिली. पालखीत बसणारा एक, वाहणारे अनेक.

1907 साली दोन फुटी रुळांची छोटी गाडी धावू लागली. पीरभॉय घराण्याने सोळा लाख रुपये खर्चून ती बांधली. उद्योजकाचे नाव राहिले, ते राहावेच. कडे फोडून सुमारे वीस किलोमीटर रूळ टाकणाऱ्या मजुरांपैकी मात्र एकाचेही नाव आम्हांस सांगता येत नाही.

माथेरानात मोटारींना बंदी आहे. 2003 पासून तो प्रदेश कायद्याने संरक्षित आहे. झाडे वाचली, हवा स्वच्छ राहिली; याबद्दल आमची तक्रार नाही. पण मोटार दस्तुरी नाक्यावर थांबली की पुढे तांबड्या मातीच्या चढावर रिक्षा माणसाने ओढावयाची. धूर टळला तो माणसाच्या छातीच्या जोरावर!

6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. सरकारने विजेवर चालणाऱ्या रिक्षा विकत घेऊन त्या खऱ्या रिक्षा ओढणाऱ्यांनाच भाड्याने द्याव्यात, पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. आदेशातील 'खऱ्या' हा शब्द आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. परवाना एकाच्या नावे आणि घाम दुसऱ्याचा, हा प्रकार आम्ही अनेक धंद्यांत पाहिला आहे. यादी करतेवेळी परवान्याचा कागद पाहावयाचा की हाताचे घट्टे? आणि घोडेवाल्यांचे काय? विजेच्या रिक्षा वाढल्या की त्यांचेही गिऱ्हाईक घटणार. त्यांची बाजूही त्याच बैठकीत ऐकली गेली पाहिजे. रिक्षावाल्यांनीच ती पुढे मांडली तर अधिक बरे.